मांजराच्या अंगावर काही दिसलं, तर

आमच्या तांबड्या बोक्याच्या खालच्या ओठावर मोहरीएवढा काळा ठिपका दिसला तेव्हा तो दीड वर्षाचा होता. महिन्याभरात ओठावर तीन आणि नाकाच्या शेंड्यावर एक असे चार ठिपके झाले. मी धास्तावले, त्याला डालग्यात घातलं आणि भर पावसात पौडच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अंगठ्याने ओठ खाली ओढून ठिपक्यावरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. ना उंचवटा, ना खपली. हे तीळ आहेत, तांबड्या मांजरांना येतातच, वयाबरोबर वाढतील, याला औषध नको, असं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी भाद्रपदात आमच्या दुसऱ्या मांजरीच्या, कबरीच्या, शेपटीच्या मुळाशी तांदळाच्या कणीएवढी खपली होती. कुठंतरी खरचटलं असेल म्हणून मी ती तशीच सोडली. चौथ्या दिवशी तिथं लिंबाएवढं बेंड आलं, अंग तापलं आणि बांगड्याचा तुकडा पुढे ठेवला तरी ती मान वळवेना.

तेव्हापासून डाग किती वाईट दिसतो यावर मी काही ठरवत नाही. तो सपाट आहे की उंच, कोरडा की ओला, आठवड्यात वाढला की तेवढाच राहिला, आणि मांजर जेवतंय का, एवढं बघते. मुळशीत आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. गोठा, पेंढा, पोती घराला लागून असतात आणि मांजर दिवसभर भाताच्या बांधावर. त्याच्या अंगावर वर्षातून दोन-चार वेळा काही ना काही निघतंच. दर वेळी दवाखाना गाठणं जमत नाही, आणि दर वेळी त्याची गरजही नसते. कधी गाठायचाच, हे कळावं म्हणून ही कृती.

जवळ काय ठेवायचं

उवांची बारीक दातांची फणी, धातूची मिळाली तर उत्तम. पांढरा सुती कपडा, जुन्या धोतराचा तुकडा चालतो. एक जाड पंचा. मोबाईल. एक रुपयाचं नाणं. स्वयंपाकाचं मीठ आणि उकळून कोमट केलेलं पाणी. भिंतीवरचं कालनिर्णय आणि त्याला दोऱ्याने बांधलेलं पेन.

कात्री यात मुद्दाम धरलेली नाही. मांजराची कातडी सैल आणि पातळ असते. केसांची गुठळी कापायला जावं तर केसांबरोबर कातडीही चिमटीत येते आणि चांगली बोटभर चीर पडते. गुठळी फणीने सुटली नाही तर राहू द्या, दवाखान्यात मशीनने काढतात.

बघायचं कसं

मांजराचं पोट भरलेलं असताना, ते स्वतःहून येऊन बसलेलं असताना बघा. शिकारीच्या तंद्रीत असलेल्या किंवा नुकत्याच भांडून आलेल्या मांजराला हात लावू नका. उघडीप असेल तर ओसरीच्या उंबऱ्यावर, नसेल तर मोबाईलचा टॉर्च लावून. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने आडवा धरा. बारीक उंचवट्याची सावली पडते आणि तो लगेच दिसतो. मांजर चुळबुळ करत असेल तर पंच्यात गुंडाळा आणि जो भाग बघायचा तेवढाच बाहेर काढा. मोठ्या मांजराला मानगुटीला धरून उचलायचं नाही. पिल्लाची आई पिल्लाला तसं उचलते, पण पिल्लू अगदी हलकं असतं. चार किलोच्या बोक्याला त्याने त्रास होतो आणि तो उलटून चावतो.

सुरुवात हनुवटीपासून करा. मग ओठ, नाक, कानांच्या कडा आणि कानांच्या आत. मग केस उलटे सारत मान, पाठ, आणि शेपटीचं मूळ. इथं थोडं जास्त थांबा, कारण पिसवा आणि चावे दोन्ही इथंच सापडतात. शेवटी पोट आणि पंजांच्या बोटांमधली जागा. रोज याच क्रमाने हात फिरवायची सवय ठेवली तर चार दिवसांत बोटांनाच कळतं की काल हे इथं नव्हतं.

काही गोष्टी पहिल्यांदा बघणाऱ्याला रोगासारख्या वाटतात, आणि त्या रोग नसतात. डोळा आणि कान यांच्यामध्ये केस विरळ असतात. ती चाई नव्हे, मांजराचा चेहराच तसा असतो. कानाच्या बाहेरच्या कडेला, खालच्या बाजूला, कातडीची खिशासारखी बारीक घडी असते. ती फाटलेली नसते. पुढच्या पायाच्या मनगटामागे एकटी गादी असते, ती गाठ नव्हे. आणि पोटावर दोन ओळींत, बहुधा आठ, बारीक गुलाबी दाणे असतात. ती स्तनाग्रं. बोक्यालाही असतात. आमच्या वाडीत एका पोराने बोक्याच्या पोटावरचा असा दाणा गोचीड समजून चिमट्याने ओढला होता. रक्त आलं, बोका दोन दिवस हाताला लागला नाही. गोचीड असेल तर बाजूने नीट बघितल्यावर कातडीलगत बारीक पाय दिसतात, आणि दोन ओळींचा हिशेब तिला लागू पडत नाही. खरी गोचीड असेल तर चिमटा अगदी कातडीला टेकवून धरा आणि न पिळता सरळ ओढा. तिच्यावर तेल, रॉकेल ओतू नका, काडीचा चटका देऊ नका.

फणी

डाग दिसो वा न दिसो, फणी फिरवायचीच. शेपटीच्या मुळापासून वर पाठीवर आणि मानेवर दहा-बारा वेळा फिरवा, आणि फणीत आलेलं सगळं ओल्या पांढऱ्या कपड्यावर झटका. काळे बारीक कण पडतील. त्यावर बोट दाबून मिनिटभर थांबा. मातीचा कण असेल तर मातकट डाग पडतो. कणाभोवती तांबूस वर्तुळ फुटलं तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. एकही जिवंत पिसू दिसली नाही तरी हे वर्तुळ पुरेसं आहे, कारण मांजर दिवसभर अंग चाटतं आणि पिसवा गिळून टाकतं.

आपल्याकडच्या मांजरांच्या बऱ्याचशा कातडीच्या तक्रारींचं मूळ या तांबूस वर्तुळात असतं. काही मांजरांना पिसूच्या लाळेचं वावडं असतं. दोन-तीन चावेसुद्धा पाठभर पुरळ उठवतात. केस दिसायला ठीक असतात, पण हात फिरवला की पाठीवर कुणी बाजरी पेरली आहे असं लागतं. डॉक्टरांच्या भाषेतलं या पुरळाचं नावही बाजरीवरूनच आलेलं आहे. मांजर शेपटीकडचा भाग आणि मांड्यांची आतली बाजू चाटून चाटून केस उडवतं.

यावर मलम चोळून उपयोग नाही, पिसवा घालवाव्या लागतात, आणि त्यात बहुतेक घरं अर्ध्यावर थांबतात. अंगावर दिसणारी मोठी पिसू म्हणजे घरातल्या एकूण पिसवांचा विसावा भाग. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोष होऊन पोत्यांत, पेंढ्यात, सारवलेल्या जमिनीच्या भेगांत, गोधडीच्या शिवणीत असतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते आणि कोषातली पिसू कित्येक महिने तशीच दबून राहू शकते. म्हणून मांजराच्या मानेवर टाकायचं थेंबाचं औषध मांजराचंच, त्याच्या वजनाचं, दर महिन्याला, निदान तीन महिने. घरातल्या सगळ्या मांजरांना आणि कुत्र्यालाही एकाच दिवशी, पण कुत्र्याला कुत्र्याचं. त्याच दिवशी मांजर जिथं झोपतं ती गोधडी उकळत्या पाण्यात बुडवायची, पोती झटकून उन्हात टाकायची, पावसाळ्यात ऊन नसेल तर ती जागाच बदलायची. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला थेंबाचं औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. त्याला दिवसातून दोनदा फणी, आणि फणीतली पिसू साबणाच्या पाण्यात.

फोटो आणि तारीख

डागाशेजारी रुपयाचं नाणं ठेवा, बाजूचे केस ओलसर बोटाने सारा आणि फोटो काढा. नाण्याचा व्यास साधारण 2 सेंटिमीटर असतो, ते माप पुढे उपयोगी पडतं. कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत तीन शब्द लिहा: कुठं, केवढं, कसं. ‘मान, मूग, कोरडं.’ तिसऱ्या आणि सातव्या दिवशी परत फोटो. मनातल्या आठवणीवर विसंबलं की गाठ वाढली की नाही यावर घरात वाद होतात. फोटोवर होत नाहीत.

सात दिवस थांबता येईल असं काय

तांबड्या, पिवळ्या किंवा तिरंगी मांजराच्या ओठावर, हिरडीवर, नाकावर, पापणीच्या कडेला सपाट काळे-तपकिरी ठिपके. बोटाला लागत नाहीत, खाजत नाहीत. यांना थांबायचीही गरज नाही, सोडून द्या. काळा डाग उंच झाला, त्याची कड वेडीवाकडी झाली किंवा त्यातून रक्त आलं, तर मात्र तो तीळ समजू नका.

हनुवटीवर काळे बारीक कण, जणू कुणी चहाची भुकटी शिंपडली. या मुरमाच्या पुळ्या आहेत. प्लास्टिकची ताटली काढून टाका, स्टीलची द्या, रोज घासा. हनुवटीवर कोमट मिठाच्या पाण्याची घडी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. पाणी असं करा: अर्धा लिटर उकळलेलं पाणी आणि चहाचा एक सपाट चमचा मीठ. अश्रूंच्या खारटपणाच्या जवळपास जातं, झोंबत नाही. पुळ्या दाबून फोडायच्या नाहीत. हनुवटी सुजली, लाल झाली किंवा पू दिसला की थांबणं संपलं.

साधं खरचटणं: नखाएवढं, कोरडं, आजूबाजूला सूज नाही, दाबलं तर मांजर ओरडत नाही. तेच मिठाचं पाणी, दिवसातून दोनदा, आणि वर काहीच लावायचं नाही. सात दिवसांत खपली पडून खाली गुलाबी कातडी दिसली पाहिजे.

लस टोचलेल्या जागी वाटाण्याएवढी गाठ दोन-तीन आठवडे राहते, ती आपोआप जिरते. इथं नाणं कामाला येतं. गाठ तीन महिन्यांनंतरही असेल, नाण्यापेक्षा म्हणजे 2 सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, किंवा टोचल्यापासून महिना उलटल्यावरही वाढत असेल, तर यातली एकही गोष्ट डॉक्टरांना दाखवायला पुरेशी आहे. फार थोड्या मांजरांत अशा जागी कर्करोगाची गाठ होते आणि ती लवकर सापडावी लागते.

भात लावणीच्या दिवसांत, डास वाढले की, नाकाच्या दांडीवर आणि कानांच्या मागे बारीक खपल्या येतात. काही मांजरांना डासांच्या चाव्याचं वावडं असतं. संध्याकाळी मांजराला घरात घ्या. आठवड्यात फरक पडला तर कारण कळलंच. मांजरापाशी डासांची कॉइल लावू नका, चाव्यांच्या त्रासात धुराची भर नको.

दोन-तीन दिवसांत न्यावं असं काय

गोल चट्टा, केस मुळाशी तुटलेले, कड खरबरीत, वर राखेसारखा कोंडा: हा नायटा असण्याची शक्यता मोठी. पिल्लांना आणि लांब केसांच्या मांजरांना जास्त होतो. बावधन-हिंजवडीच्या इमारतींत पर्शियन मांजरं पाळणाऱ्यांनी आणि गावात गोठ्यातली पिल्लं सांभाळणाऱ्यांनी, दोघांनीही याला घाबरून न जाता पण गंभीरपणे घ्यावं, कारण तो माणसाला लागतो. नायटा ही बुरशी आहे. मांजरांत बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची. तिचे बीजाणू गोधडीत, सोफ्यात, फणीत वर्षभराहून जास्त टिकू शकतात. दवाखान्यात जांभळ्या दिव्याखाली काही चट्टे हिरवे चमकतात. चमकले नाहीत म्हणून नायटा नाही असं मात्र होत नाही, केस तपासायला लागतात. उपचार दीड-दोन महिने चालतो. चट्ट्यावर केस उगवले म्हणून पंधरा दिवसांत औषध बंद केलं की तो परत येतो, आणि या वेळी घरातल्या दुसऱ्या मांजराला घेऊन येतो.

तोवर मांजराला एका खोलीत ठेवा, त्या खोलीचा केर रोज ओल्या फडक्याने काढा, हाताळल्यावर साबणाने हात धुवा. लहान मुलांच्या मानेवर, दंडावर खाजरं गोल दिसलं तर त्यांना माणसांच्या डॉक्टरकडे न्या. माणसांत पसरणारा नायटा बहुतेक माणसाकडूनच आलेला असतो, त्यामुळे प्रत्येक चट्ट्याचं खापर मांजरावर फोडून त्याला घराबाहेर काढू नका. दुकानात न विचारता मिळणारं तीन-तीन औषधं एकत्र असलेलं मलम कुणीही लावू नये, माणसाने नाही आणि मांजराला तर नाहीच. त्यातल्या स्टेरॉइडने खाज दोन दिवस थांबते आणि बुरशीचं फावतं.

कानाच्या कडेपासून सुरू होऊन कपाळावर, मानेवर चढणारी जाड राखाडी साल, आणि मांजर रात्रंदिवस खाजवतंय: ही खरूज, गावात लूत भरली म्हणतात तीच. किडा डोळ्यांना दिसत नाही, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. उपचार सोपा आणि गुणकारी आहे. पण उशीर झाला की डोळेही उघडत नाहीत इतकी साल चढते. कानाच्या आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल तर तोही बहुधा किड्यांचा असतो. कापसाची काडी आत घालू नका, मळ आणखी खोल जातो.

वरच्या ओठावर खळगा पडल्यासारखी, पिवळसर-तपकिरी, न दुखणारी जखम. दुखत नाही म्हणून लोक थांबतात. थांबू नका.

पांढऱ्या कानांची, गुलाबी नाकाची मांजरं पत्र्याच्या छपरावर चैत्र-वैशाखात तासनतास झोपतात. कानाच्या टोकाला खपली येते, पडते, पुन्हा येते, कड कुरतडल्यासारखी होते. तीन आठवड्यांत न भरणारी कानाची किंवा नाकाची खपली उन्हामुळे होणाऱ्या कर्करोगाची सुरुवात असू शकते. लवकर सापडली तर कानाचं टोक काढून मांजर वाचतं. असंच भाटीच्या पोटाच्या ओळीतल्या गाठीचं. शेंगदाण्याएवढी असली, हलत असली, दुखत नसली तरी न्या. मांजरांत स्तनाच्या गाठी बहुतेक वेळा वाईट निघतात, आणि गाठ लहान असताना केलेल्या शस्त्रक्रियेला अर्थ असतो.

आजच्या आज

कबरीचं जे झालं ते इथं येतं. मांजराचा सुळा सुईसारखा असतो. भांडणात तो खोल जातो, तोंडातले जिवाणू आत सोडतो आणि बाहेरचं भोक काही तासांत बुजतं. वर दिसते ती फक्त कणीएवढी खपली. दोन ते पाच दिवसांत आत पू साठतो. गाल, पुढचे पाय आणि शेपटीचं मूळ या तीन जागी छोटी खपली दिसली तर रोज तिच्याभोवती हलकं दाबून बघा. गरम लागलं, मऊ सूज लागली, मांजर वळून फुसकारलं, की न्या. बेंड घरी फुटलं तर दाबून पू काढू नका. कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, भोक उघडं राहू द्या, आणि तरीही न्या; आतला कप्पा धुवावा लागतो आणि प्रतिजैविक, वेदनाशामक डॉक्टरच ठरवतात. अनोळखी प्राणी चावला असेल तर ते आवर्जून सांगा आणि रेबीजची लस कधी टोचली ती तारीख सांगा. पहिली लस तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढे दरवर्षी. हीही तारीख कालनिर्णयवरच असलेली बरी.

ताम्हिणीकडच्या गावांत पावसाळ्यात जखम दोन दिवस ओली राहिली की माशी बसते आणि अळ्या पडतात. उग्र वास येतो, जखमेच्या कडेला पांढरं हलताना दिसतं. गुरांच्या जखमेत सीताफळाचा पाला वाटून भरायची पद्धत जुनी आहे, काही जण टर्पेंटाइन किंवा फिनाईल ओततात. मांजराला यातलं काहीही नको, ते जखम चाटतं आणि सगळं पोटात जातं. वरवरच्या अळ्या चिमट्याने काढता आल्या तर काढा, स्वच्छ कोरड्या कपड्यात गुंडाळा, निघा.

चेहरा किंवा पंजा तासाभरात सुजला असेल तर घोणस, विंचू किंवा मधमाशी यांपैकी काही असू शकतं. चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. फोन करत करत निघा.

आणि डाग कसलाही असो: मोठं मांजर 24 तास जेवलं नाही, पिल्लू अर्धा दिवस जेवलं नाही, झोपेत श्वास मिनिटाला 40 च्या वर गेला (एरवी 20 ते 30 असतो), हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या दिसल्या, तर डागाचा विचार सोडा आणि मांजर न्या. उपाशी मांजराचं यकृत दोन-तीन दिवसांत बिघडू शकतं, लठ्ठ मांजराचं तर फारच लवकर.

काय लावायचं नाही

ही यादी पाठ करावी असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या भागात मांजरं डागाने कमी आणि डागावरच्या औषधाने जास्त जाताना मी पाहिली आहेत. मांजराच्या यकृतात काही रसायनं निकामी करायची यंत्रणा फार तोकडी असते. कुत्र्याला, गाईला, आपल्याला जे पचतं ते त्याला पचत नाही. शिवाय अंगावर लावलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं.

गुरांच्या गोचिडांसाठी पाण्यात मिसळून फवारायचं डेल्टामेथ्रिन प्रत्येक गोठ्यात असतं. गाय फवारून झाल्यावर उरलेलं मांजरावर मारायचा मोह होतो. त्याने मांजराचे स्नायू थरथरतात, झटके येतात. परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं थेंबाचं औषध याच जातीचं आणि तितकंच घातक. अमिट्राझही नको. औषधाच्या पाकिटावर मांजराचं चित्र आणि वजन नसेल तर ते मांजराचं नाही.

फिनाईल, पांढरं होणारं जंतुनाशक, रॉकेल, टी ट्री तेल, कापूर घातलेलं तेल, झिंकचं मलम: काहीही नको. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ताप वाटला तरी देऊ नका. हळद-तेलाने जखम भरत नाही, वर चिकट थर बसतो आणि डॉक्टरांना खालचा रंग दिसत नाही. चुकून यातलं काही लागलंच तर साध्या भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, कोरडं करा, ऊब द्या, आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन निघा.

न्यायचं कुठं आणि कसं

पौडला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. तिथले डॉक्टर बऱ्याचदा गाई-म्हशींसाठी गावोगाव फिरतीवर असतात, म्हणून आधी फोन करा. 1962 हा पशुसंवर्धन विभागाचा टोल-फ्री क्रमांक मुख्यतः जनावरांसाठी आहे, पण डॉक्टर कुठं भेटतील हे विचारायला हरकत नाही. कातडी खरवडून तपासायची असेल, गाठ काढायची असेल तर पुण्यात औंधला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, आणि भूगाव-बावधन पट्ट्यात खासगी दवाखाने आहेत. कोळवण खोऱ्यातून किंवा धरणाच्या पलीकडून येणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावं; संध्याकाळी भूगावच्या कोंडीत अडकलेल्या गाडीत आजारी मांजराचे हाल होतात.

डालगं उलटं करून त्याला खाली फळी बांधली तर चांगली पेटी होते. भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधले तरी चालतं. आत त्याच्याच वासाची गोधडी, वर अंधार होईल असं फडकं. पिशवीत किंवा नुसतं मांडीवर न्यायचं नाही. हॉर्न वाजला की ते उडी मारतं आणि पिरंगुटच्या रस्त्यावर सापडत नाही. फुटलेलं बेंड आणि चुकून लागलेलं औषध सोडलं तर निघायच्या आधी जखम धुवू नका, काही लावू नका. मलम पुसावं लागलं तर तपासणीचा नमुना बिघडतो.

डॉक्टरांसमोर फोटो तारखेने दाखवा. मग एवढं सांगा: कधी दिसलं, वाढलं का, खाजवतं का, जेवतं का, बाहेर जातं का, घरात आणखी कुणाला काही झालंय का, आणि तुम्ही काय काय लावलं. शेवटचं लपवू नका. रॉकेल लावलं असेल तर रॉकेल म्हणा, डॉक्टर त्याप्रमाणे औषध बदलतात. निघताना विचारून घ्या: औषध किती दिवस, कितव्या दिवशी फरक दिसला पाहिजे, नाही दिसला तर कधी परत यायचं.

नेताना-आणताना मांजराने ओरबाडलं, चावलं तर आधी स्वतःकडे बघा. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. मग त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात, लसीसाठी. घरचंच मांजर आहे म्हणून सोडू नका.

घरी आल्यावर

डॉक्टरांनी गळ्यात शंकू घातला असेल तर तो काढायचा नाही, मांजर कितीही भिंतींना धडकलं तरी. दोन दिवसांत त्याला सवय होते. जेवताना ताटली विटेवर ठेवली की शंकू जमिनीला लागत नाही. गोळी बांगड्याच्या लगद्यात लपवून द्या आणि वरून चमचाभर पाणी पाजा, म्हणजे ती घशात अडकत नाही.

कबरीच्या बेंडाची जागा दहाव्या दिवशी भरली, केस यायला महिना लागला. आता त्या महिन्याच्या पानावर तिच्या नावाच्या चौकटी आहेत: ‘शेपूट, कणी, कोरडं’, मग एक रिकामी, मग ‘लिंबू, गरम’. मधली चौकट रिकामी राहिली होती. तिसऱ्या दिवशी मी फोटो काढला नव्हता.